‘ग्रीव्हन्स’ हा शब्द लिहिला आणि बैठकच बोलावली गेली

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी मूळची सांगलीची असून माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. गेले चौदा महिने मी इंग्लंडमधील लीड्स येथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करते. माझा एक सहकारी चाचणीसाठी लागणारी माहिती रोज उशिरा पाठवतो. मी त्याला हसतच ‘यू आर इरिटेटिंग मी’ म्हणाले, तेव्हापासून तो फटकून वागतो. पुढे मी मॅनेजरना मेल लिहिला, त्यात ‘मला एक ग्रीव्हन्स सांगायची आहे’ असे म्हटले. दोन दिवसांत एचआरकडून औपचारिक बैठकीचे पत्र आले आणि मॅनेजरनी वेगळे कळवले की ते ‘अ लिटल डिसअपॉइंटेड’ आहेत. त्यानंतर तोच सहकारी दुसऱ्या कोणाशी बोलताना माझ्याबद्दल ‘ऑलवेज व्हिंजिंग’ असे म्हणाल्याचे माझ्या कानी आले. आता घरातला बॉयलर तीन आठवडे बंद आहे, पण घरमालकाला लिहायची हिंमत होत नाही. इंग्रजीत तक्रारीचे आणि चिडण्याचे इतके शब्द का आहेत, त्यांतला कोणता केव्हा वापरावा, आणि मी यापुढे काही बोलूच नये का?

ताई,

तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत आधी त्या बंद पडलेल्या बॉयलरची काळजी वाटली. उत्तर इंग्लंडच्या थंडीत तीन आठवडे गरम पाण्यावाचून काढणारी व्यक्ती केवळ आपला शब्द चुकेल या धास्तीने घरमालकाला दोन ओळी लिहीत नाही, ही गोष्ट मला भाषेच्या कोणत्याही चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो. बोला, अवश्य बोला, आणि घरमालकाला याच आठवड्यात लिहा. ते कसे लिहायचे, हे पुढे येईलच, पण त्याआधी तुमच्या मनातली भीती जिथून सुरू झाली त्या शब्दाकडे वळू.

आपल्याकडे ‘ग्रीव्हन्स’ हा शब्द सरकारी कार्यालयांतील फलकांवर, बँकांच्या भिंतींवर आणि महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत इतक्या वेळा डोळ्यांखालून जातो, की ‘तक्रार’ या शब्दाचा जरा भारदस्त इंग्रजी पर्याय एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात बसतो. ब्रिटनमध्ये, विशेषतः नोकरीच्या ठिकाणी, हा शब्द एका ठरलेल्या प्रक्रियेचे नाव आहे. 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टनुसार कर्मचाऱ्याने आपली ग्रीव्हन्स कोणाकडे मांडावी, हे नोकरीच्या लेखी अटींमध्ये नमूद करावे लागते. ती मांडल्यावर मालकाने कसे वागावे, यासाठी एकास या सार्वजनिक संस्थेची आचारसंहिता आहे, आणि अशा बैठकीला एखादा सहकारी किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने दिलेला आहे. तेव्हा एचआरचे ते पत्र म्हणजे तुमच्यावर उगारलेले हत्यार आहे, असे कृपा करून समजू नका. तुम्ही एका दाराची घंटा वाजवलीत आणि आतल्या माणसाने नियमाप्रमाणे दार उघडले, इतकेच घडले आहे. तुम्हाला त्या दारातून आत जायचे नव्हते, हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

मॅनेजरना तुम्ही आता एवढेच कळवा, की हा शब्द तुम्ही ‘अडचण’ या साध्या अर्थाने वापरला होता आणि हा विषय तुम्हाला ‘इन्फॉर्मली’ मांडायचा आहे. हा ‘इन्फॉर्मली’ शब्द त्यांच्या व्यवस्थेत तितकाच नेमका आहे. शक्य असेल तिथे प्रश्न आधी अनौपचारिकपणे सोडवावा, असे ती आचारसंहिताही सुचवते. मात्र या सहकाऱ्याच्या वागण्यामागे खरोखरच काही त्रास देण्याचा हेतू आहे, असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर संकोचापोटी बैठक रद्द करू नका. तो निर्णय तुमचा आहे, माझा नाही.

आता शब्दांकडे येतो. तुम्ही विचारले आहे की इंग्रजीत तक्रारीचे इतके शब्द का आहेत. मी तुम्हाला उलट विचारतो, की मराठीत किती आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट, कुरबुर, धुसफूस, तणतण, चडफड, त्रागा, रडगाणे, गाऱ्हाणे, बोंबाबोंब. यांतला प्रत्येक शब्द तुम्ही जन्मभर बिनचूक वापरत आला आहात. लहान मूल दुपारी झोप न झाल्याने करते ती किरकिर, सून-सासूमध्ये भांड्यांच्या आवाजातून चालते ती धुसफूस, एकच मागणी घेऊन मागे लागणे म्हणजे भुणभुण, आणि राग स्वतःवरच काढून घेणे म्हणजे त्रागा, हे तुम्हाला कोणी शिकवले नाही. आणि या सगळ्या शब्दांबद्दलची एक गोष्ट तुम्हाला न सांगताही माहीत आहे. ‘मी काल साहेबांकडे कुरकुर केली’ असे तुम्ही कधी म्हणणार नाही. तुम्ही ‘तक्रार केली’ म्हणाल आणि साहेब म्हणतील की ‘ती कुरकुर करत होती’. कृती तीच असते, शब्द मात्र बोलणारा कोण आहे यावर बदलतो.

इंग्रजीचेही नेमके असेच आहे, आणि या पत्रातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: नवा इंग्रजी शब्द भेटला की त्याचा अर्थ पाहण्याआधी तो कोण कोणाबद्दल बोलतो आहे, ते ऐका. ‘कॉम्प्लेन’ हा शब्द स्वतःबद्दल वापरता येतो आणि दुसऱ्याबद्दलही. ‘व्हिंज’, ‘व्हाइन’, ‘ग्राइप’, ‘कार्प’, ‘नॅग’ हे शब्द मात्र जवळजवळ नेहमीच दुसऱ्याबद्दल वापरले जातात, आणि त्यांच्यात त्या दुसऱ्या माणसाच्या तक्रारीला काही अर्थ नाही, हा निवाडा आधीच दिलेला असतो. म्हणून तुमचा सहकारी ‘व्हिंजिंग’ म्हणाला, तेव्हा त्याने तुमचे म्हणणे खोडले नाही, ते ऐकण्याच्या लायकीचेच नाही असे सुचवले. तुम्हाला ते लागले, आणि ते लागणे योग्यच होते, असे मला वाटते. शब्दकोशात त्या शब्दापुढे ‘तक्रार करणे’ एवढेच लिहिलेले असले, तरी तुमच्या कानाने त्यातली ‘पिरपिर’ अचूक पकडली.

हे शब्द कुठून आले, हे थोडे पाहिले तर त्यांचे वजन हातात येते. ‘व्हाइन’ हा शब्द जुन्या इंग्रजीत हवेतून सूं करीत जाणाऱ्या बाणाच्या आवाजासाठी होता, पुढे तो कुत्र्याच्या आणि मुलाच्या रडण्याच्या बारीक, लांबलेल्या स्वराला लागला, आणि ‘व्हिंज’ हा त्याच घराण्यातला शब्द स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींतून सगळीकडे पसरला. ऑस्ट्रेलियात तर तिथे स्थायिक व्हायला आलेल्या आणि हवेपासून चहापर्यंत सगळ्याला नावे ठेवणाऱ्या इंग्रजांना ‘व्हिंजिंग पॉम’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. जो शब्द आज लीड्समध्ये तुम्हाला चिकटवला गेला, तोच त्या देशाच्या लोकांना दुसऱ्यांनी चिकटवलेला आहे, हे ठाऊक असले म्हणजे त्याची धार थोडी कमी होते.

‘ग्राइप’ तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत भरून ठेवलेला आहे. बाळाच्या पोटात मुरडा आला की आजी चमच्याने पाजायची ते ग्राइप वॉटर विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्लिश औषधविक्रेत्याने 1851 च्या सुमारास बाजारात आणले, आणि त्यातला ‘ग्राइप’ म्हणजे पोटात येणारी कळ. हाच शब्द पुढे अमेरिकेच्या बोलीत बारीकसारीक तक्रारीसाठी रूढ झाला. ‘बेलीएक’ या शब्दाचाही हाच प्रवास आहे. पोटात कळ येणाऱ्या बाळाची रड आणि मोठ्या माणसाची तक्रार यांना एकच नाव देणाऱ्या भाषेला त्या तक्रारीबद्दल काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. ‘नॅग’ मागे कुरतडण्याच्या अर्थाचा स्कँडिनेव्हियन शब्द असल्याचे मानले जाते, आणि दाताने एकच जागा पुन्हा पुन्हा कुरतडणाऱ्या उंदराचे चित्र त्यात अजून दिसते. हा शब्द मी तुम्हाला वापरू नका असेच सांगेन. तो बहुतेक वेळा बायकांबद्दल आणि बहुतेक वेळा पुरुषांनी वापरलेला आहे, आणि ज्या कामाची आठवण चार वेळा करावी लागली ते काम पहिल्यांदा सांगितल्यावरच का झाले नाही, हा प्रश्न तो शब्द कधीच विचारू देत नाही.

याउलट ‘कॉम्प्लेन’ हा मानाचा शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘प्लांगेरे’ हे लॅटिन क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आहे शोकाने छाती पिटणे, म्हणजे अक्षरशः आपले ‘ऊर बडवणे’. याच मुळापासून ‘प्लेंट’ आणि ‘प्लेंटिफ’ हे कायद्याचे शब्द निघाले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दाव्याची सुरुवात ज्या कागदाने होते तो प्लेंटच आहे, आणि आपण त्याला मराठीत वादपत्र म्हणतो. ऊर बडवण्यापासून निघालेला शब्द न्यायालयाच्या पायरीपर्यंत आला, म्हणजे दुःखाला ऐकून घेणारे कोणी मिळाले. आपला ‘तक्रार’ हा शब्द फारसीच्या वाटेने अरबीतून आला आहे आणि मुळात त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणे’ असा आहे. एकदा सांगून कोणी ऐकत नाही, हा अनुभव त्या शब्दाच्या पोटातच आहे. आणखी एक साम्य तुम्हाला उपयोगी पडेल. आपण जसे ‘पोटाची तक्रार आहे’ म्हणतो, तसे इंग्रजीतही ‘कॉम्प्लेंट’ म्हणजे आजार, आणि डॉक्टर रुग्णाच्या कागदावर ‘कॉम्प्लेन्स ऑफ चेस्ट पेन’ असे लिहितात. त्यात रुग्ण कुरकुरा आहे असा अर्थ मुळीच नसतो. फक्त दुखण्यासाठी ‘ऑफ’ आणि बाकी सगळ्यासाठी ‘अबाउट’, एवढे सांभाळा. नाम ‘कॉम्प्लेंट’ आणि क्रियापद ‘कॉम्प्लेन’ हेही. ‘मी कॉम्प्लेन दिली’ असे आपण मराठीत म्हणतो, म्हणून इंग्रजीत लिहिताना तिथे हमखास गफलत होते.

या दोन टोकांच्या मध्ये ‘मोन’ आणि ‘ग्रंबल’ हे शब्द आहेत, आणि ते तुम्हाला रोज ऐकू येत असतील. ‘कसे काय?’ या प्रश्नाला तुमच्या कार्यालयातली वयस्कर मंडळी ‘मस्न्ट ग्रंबल’ असे उत्तर देत असतील. ते आपल्या ‘चाललंय, तक्रार नाही’ याचेच इंग्रजी रूप आहे. ‘मोन’चा एक अर्थ कण्हणे, पण ब्रिटनमध्ये चहाचा कप हातात घेऊन पाऊस, रेल्वे आणि पार्किंग यांबद्दल सगळ्यांनी मिळून कण्हणे हा स्नेह जुळवण्याचा मार्ग आहे, जसा आपल्याकडे लोकलची वाट पाहणाऱ्या फलाटावर अनोळखी माणसांचा जुळतो. म्हणून ‘मोन’ हा शब्द लोक स्वतःबद्दलही सहज वापरतात. ‘सॉरी टू मोन’ असे म्हणून मग आपले म्हणणे सांगतात, आणि ऐकणारा सावरून बसतो. तुमच्या सहकाऱ्याशी पहिल्यांदा बोलताना ही एवढीशी पायरी असती तर पुढचे बरेच टळले असते.

तिथे काय झाले, ते आता सांगतो, कारण तुमच्या पत्रातली माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. आपण इंग्रजीतून काही शब्द मराठीत आणले आणि रोजच्या वापराने त्यांची धार बोथट केली. ‘मला इरिटेट होतंय’ हे पुण्यातली किंवा सांगलीतली कोणतीही महाविद्यालयीन मुलगी पंखा बंद पडला तरी म्हणते, मैत्रिणीने गाणे गुणगुणले तरी म्हणते, आणि मैत्रीण हसते. ‘टेन्शन’, ‘फ्रस्ट्रेट’, ‘बोअर’ यांचेही तेच झाले आहे. हे शब्द आपण इंग्रजीत बोलताना परत घेऊन जातो, तेव्हा त्यांचे मराठीतले हलके वजनच आपल्या मनात असते, पण ऐकणाऱ्याच्या कानावर त्यांचे मूळचे वजन पडते. ‘यू आर इरिटेटिंग मी’ हे इंग्रजीत समोरच्या माणसाच्या तोंडावर केलेले त्याच्या स्वभावाचे मूल्यमापन आहे. तुमचे हसू त्या वाक्याच्या मदतीला आले नाही, उलट ते उपहासाचे वाटले असण्याची शक्यता आहे. शब्दाचे वजन काळानेही उतरते. ‘ॲनॉय’ हा शब्द लॅटिनमधील ‘द्वेषात’ या अर्थाच्या शब्दसमूहापासून फ्रेंचमार्गे आला, आणि आज बस चुकली तरी माणूस ‘ॲनॉइड’ होतो. पण ते वजन इंग्रजी बोलणाऱ्या सर्वांसाठी एकत्र उतरले आहे. ‘इरिटेट’चे आपल्या बाबतीत फक्त मराठीत उतरले आहे.

चिडण्याच्या बाकीच्या शब्दांवर मी फार रेंगाळत नाही, कारण ते तुम्ही ऐकून शिकाल. ‘मिफ्ड’ म्हणजे मानाला थोडे लागणे. ‘क्रॉस’ हे घरातल्या मोठ्यांचे मुलांवर रागावणे आणि तो शब्द ब्रिटिश कानांना मऊ वाटतो. ‘हफ’ हा नाकातून सोडलेल्या फुत्काराचा आवाज, म्हणून ‘इन अ हफ’ म्हणजे आपले फुगून बसणे. ‘नेटल्ड’ होणे म्हणजे नेटल नावाची खाजरी वनस्पती अंगाला लागणे, आणि ती लीड्सच्या कालव्याकाठी फिरायला गेलात तर उन्हाळ्यात तुमच्या पायांना लागल्याशिवाय राहणार नाही. आपल्याला खाजकुयलीने जे कळते ते त्यांना नेटलने कळते. ‘एक्झॅस्परेटेड’ शब्दात खडबडीतपणाचे मूळ आहे, घासून घासून सालटे निघाल्यावरची ती अवस्था आहे, म्हणून पहिल्याच चुकीला तो वापरता येत नाही. आणि संतापाने आपण लालबुंद होतो, तर ‘लिव्हिड’ होणारा इंग्रज मुळात शिशासारखा निळसर पडतो. ‘पिस्ड’ हा शब्द मात्र तुम्ही अमेरिकी मालिकांतून उचलला असेल तर तिथेच ठेवा. अमेरिकेत त्याचा अर्थ चिडलेला आणि ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला असा होतो, आणि दोन्हीकडे तो असभ्यच आहे. विशेषण निवडताना ‘एड’ आणि ‘इंग’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका, कारण ‘आय ॲम इरिटेटिंग’ म्हणजे ‘माझा लोकांना त्रास होतो’ अशी कबुली ठरते.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण ती शब्दकोशात सापडत नाही. इंग्रजीत चीड व्यक्त करायला चिडीचा शब्द लागतोच असे नाही, ते काम व्याकरणही करते. ‘ऑलवेज’ हा शब्द चालू वर्तमानकाळाबरोबर आला की त्या वाक्यात वैताग शिरतो. ‘ही ऑलवेज सेंड्स इट ॲट फाइव्ह’ ही केवळ माहिती आहे. ‘ही इज ऑलवेज सेंडिंग इट ॲट फाइव्ह’ यात ‘हा आपला सदानकदा’ असा सूर येतो. आता आपली अडचण अशी, की मराठीभाषक माणसाला इंग्रजीत चालू काळ फार जवळचा वाटतो आणि साध्या माहितीसाठीही तो आपल्याकडून सहज वापरला जातो. मी कित्येक वर्षे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवले, आणि त्यांच्या वह्यांत ही जागा मी लाल शाईने किती वेळा खुणावली असेल याची गणती नाही. तुमच्या मेलमधली वाक्ये तुम्ही मला पाठवलेली नाहीत, पण त्यात ‘ही इज ऑलवेज सेंडिंग लेट’ असे काही असेल, तर मॅनेजरना तुमच्या मनात होता त्यापेक्षा दुप्पट राग वाचायला मिळाला, असे समजा.

आता त्यांच्या ‘अ लिटल डिसअपॉइंटेड’बद्दल. याचे भाषांतर ‘थोडे निराश’ असे करून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर तो मला दुर्दैवाने परत घ्यायला लावावा लागतो आहे. ब्रिटिश कार्यालयीन भाषेत ‘अ लिटल’, ‘अ बिट’, ‘रादर’ हे शब्द राग कमी असल्याचे सांगत नाहीत, तो आवरून धरल्याचे सांगतात. आणि ‘डिसअपॉइंटेड’ हा ‘ॲनॉइड’पेक्षा जड शब्द आहे, कारण ॲनॉइड माणूस घटनेवर चिडलेला असतो, डिसअपॉइंटेड माणूस तुमच्याकडून असलेल्या अपेक्षेबद्दल बोलत असतो. घरातले वडीलधारे आवाज न चढवता ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ म्हणतात, तेव्हा जे पोटात होते ते या शब्दाने व्हावे असे लिहिणाऱ्याला वाटत असते. तरीही घाबरू नका. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला कोणी हा शब्द लिहीत नाही. मॅनेजरना भेटून ग्रीव्हन्स या शब्दाचा गैरसमज समजावून सांगा, म्हणजे त्यांच्या मनातला सल बराचसा निघेल.

मी तिशीत असताना इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात वर्षभर राहत होतो. शेजारच्या खोलीतला विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत गिटार वाजवायचा. आमच्या शाळेत पत्रलेखनाचा जो नमुना पाठ करून घेतलेला होता, त्याला स्मरून मी वॉर्डनना ‘आय स्ट्राँगली प्रोटेस्ट’ या शब्दांनी सुरू होणारे पानभर पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या गृहस्थांनी माझे दार वाजवले. एका हातात माझे पत्र, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू रात्री मारामारी होऊन कोणाला इजा झाली असावी. मी गिटारचे सांगितल्यावर ते खोलीतल्या खुर्चीवर बसले, माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर एकच ओळ लिहिली: ‘वुड यू माइंड कीपिंग इट डाउन आफ्टर इलेव्हन?’ खाली माझे नाव घालायला जागा सोडली. तो कागद मी शेजारच्या दाराखालून सरकवला. त्या रात्रीपासून अकरानंतर गिटार वाजली नाही, आणि पुढे त्या मुलाशी माझी ओळखही झाली. त्या ओळीत ‘त्रास’ या अर्थाचा एकही शब्द नव्हता. काय हवे आणि केव्हापासून हवे, एवढेच होते.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आले की हे आपल्याकडेही आहे. माझे आजोळ सिंधुदुर्गातले. तिथे देवळात गाऱ्हाणे घालतात, तेव्हा गावाच्या वतीने बोलणारा मानकरी आधी देवाला नावाने हाक मारतो, मग ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याचे नाव आणि त्याची अडचण सांगतो, आणि शेवटी देवाने काय करावे हे स्पष्ट मागतो. जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या गाऱ्हाण्यात कोणी ‘मी फार वैतागलो आहे’ असे म्हटलेले मी ऐकले नाही. अडचण इतकी नीट मांडलेली असते की वैताग वेगळा सांगावा लागत नाही.

घरमालकाचे पत्र तुम्ही तसेच लिहा. ‘ॲनॉइड’, ‘फ्रस्ट्रेटेड’, ‘पथेटिक’ यांतले काही नको आणि ‘प्रोटेस्ट’ तर नकोच. पहिल्या वाक्यात बॉयलर कोणत्या तारखेपासून बंद आहे ते लिहा. दुसऱ्यात तुम्ही याआधी कधी आणि कसे कळवले होते ते लिहा, आणि कळवलेच नसेल तर ते वाक्य गाळा, खोटे लिहू नका. तिसऱ्यात दुरुस्ती कोणत्या दिवसापर्यंत हवी ते विचारा, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ न म्हणता वार आणि तारीख घालून. भाड्याच्या घरातील उष्णतेची आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम 11 नुसार घरमालकाची आहे, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी भाडेकरूवर ती ढकलता येत नाही. हे कलम पहिल्या पत्रात उल्लेखू नका. त्या दिवसापर्यंत उत्तर आले नाही तर दुसऱ्या पत्रात ते घाला, आणि ‘कॉम्प्लेंट’ हा शब्द तिथे पहिल्यांदा येऊ द्या. घर एजंटमार्फत घेतलेले असेल तर ‘फॉर्मल कॉम्प्लेंट’ एवढे दोन शब्द विषयाच्या ओळीत लिहा, कारण इंग्लंडमधील अशा एजंटांना तक्रार निवारण योजनेचे सदस्य असावेच लागते आणि त्या शब्दांनी त्यांच्याकडे घड्याळ सुरू होते. तरीही काही झाले नाही, तर नगर परिषदेच्या पर्यावरण आरोग्य विभागाला फोन करा.

सहकाऱ्याशी मात्र लेखी काही नको. एखाद्या सकाळी, कामाची गर्दी सुरू होण्याआधी, चहा घेताना त्याला म्हणा की सॉरी, त्या दिवशी मी ‘इरिटेटिंग’ म्हणाले ते आमच्याकडे आम्ही फार हलक्या अर्थाने म्हणतो. मग ती माहिती त्याला दुपारी तीनपर्यंत पाठवणे जमेल का, ते विचारा, आणि जमत नसेल तर त्याची अडचण काय आहे, तेही विचारा. त्याचे उत्तर काय आले ते मला जरूर कळवा, आणि बॉयलर सुरू झाल्याचेही.